देणगीची मर्यादा आणि माझी वेताची खुर्ची

स्वस्ति श्री. अर्थशास्त्रार्णवकर्णधार, मागणीपुरवठावक्रछेदबिंदुभेदक, सीमांतउपयोगिताचूडामणी, तुमसर तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या अर्थशास्त्र विभागाचे सर्वाधिकारी प्रमुख तथा त्याच विभागाचे एकमेव अधीनस्थ (उर्वरित पदे रिक्त), ग्रामवाचनालयाचे आजीव सभासद, मंडई उत्सव समितीचे मानद सल्लागार (सल्ला अद्याप विचारला गेलेला नाही), सत्यभामावल्लभ, श्रीमान प्राध्यापक केशवराव तितिरमारे यांच्या आत्मसंवादाचा हा ग्रंथ स्वहस्ते व स्वखर्चे आरंभिला जात आहे. लेखक : मी. वाचक : मी. उभयतांत मतभेद संभवत नाहीत.

९ ऑक्टोबर

भंडाऱ्याच्या परिसंवादाचे निमंत्रण आले. विषय मीच सुचवला होता : ‘राजकीय देणग्यांवरील मर्यादा : पब्लिक चॉइस संप्रदायाचा दृष्टिकोन’. जिल्ह्यात या संप्रदायाचा अनुयायी मी एकटाच. त्यामुळे संप्रदायात फूट नाही.

मर्म थोडक्यात असे. माणूस दुकानात शिरताना स्वार्थी असतो आणि सभागृहात शिरताना चपलांबरोबर स्वार्थही बाहेर काढून ठेवतो, असे मानण्यास कोणताही आधार नाही. म्हणून कोणी देणगीवर मर्यादा घालू लागला की प्रथम विचारावे, मर्यादा घालणारा कोण आणि तिचा लाभ कोणास? खुर्चीवर बसलेल्याला लोक ओळखतातच. नवख्याला आपली ओळख करून देण्यास पैसा लागतो. तेव्हा मर्यादा हे बहुधा बसलेल्याने स्वतःच्या शेताला घातलेले कुंपण असते. शिवाय मर्यादेने पैसा अडत नाही. धानाच्या बांधीतले पाणी एका बाजूने अडवले की दुसरीकडे धुऱ्याखालून, म्हणजे बांधाखालून, वाट काढते, तसा तो निघतो. प्रतिपक्ष म्हणतो, मर्यादा नसेल तर धनवान माणूस नेताच विकत घेईल. त्यावर उत्तर असे की कोणी किती दिले ते फलकावर लिहावे. मतदार सुज्ञ आहे.

संकल्प : प्रतिदिन चार पृष्ठे. आज शीर्षक लिहिले आणि दोनदा अधोरेखित केले.

१२ ऑक्टोबर, सायंकाळी

मंडई समितीची सभा. दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार व दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. लेकीजावई, सोयरेधायरे, सगळे जमतात. आणि नाटकाआधी होतो तो उद्घाटन समारंभ. आमच्या गावाची रीत अशी की ज्याची देणगी सर्वांत मोठी तो उद्घाटक. त्याखालचा सहउद्घाटक, त्याखालचा दीपप्रज्वलक. पत्रकावर नावे त्याच क्रमाने, मंचावर खुर्च्याही त्याच क्रमाने. तळाशी प्रमुख अतिथी. गतवर्षी प्रमुख अतिथी तेवीस होते. माझे नाव खतविक्रेता आणि बकऱ्यांचा व्यापारी यांच्या मध्ये होते व ते वाचण्यास भिंग लागत होते.

यंदा उद्घाटकपदाला अधिक वजन आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक येऊ घातली आहे, आणि मागचे दोन्ही उद्घाटक पुढे निवडून आले. नाटकाला आसपासच्या गावांतले हजारो मतदार एकाच चेहऱ्याकडे पाहत बसतात, याचा हा परिणाम. आमच्या गटाच्या आरक्षणाची सोडत व्हायची आहे. गट खुलाच राहणार, हा माझा अभ्यासांती निष्कर्ष. राजकारण मला क्षुद्र वाटते. तथापि जनतेने आग्रहच धरला, तर जनतेचा अवमान करणे हा माझा स्वभाव नव्हे.

समितीचे अध्यक्ष तुलारामजी यांना मी सूचित केले की विद्वान उद्घाटक ही काळाची गरज आहे. ते म्हणाले, “पाहू ना सर.” मी ही संमती समजतो.

पेपर : आज सभा होती.

१३ ऑक्टोबर

सत्यभामेने पोहे पुढे ठेवता ठेवता सांगितले की ईश्वर यंदा मंडईला एक्कावन्न हजार देणार आहे. पोहे खारट होते.

ईश्वरविषयी नोंद आवश्यक. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. तो माझ्या पाटीवरून गणिते उतरवीत असे आणि माझ्याहून अधिक गुण मिळवीत असे, हे कोडे मला अद्याप सुटलेले नाही. आज त्याची राईस मिल आहे, दोन ट्रक आहेत, पांढरी चारचाकी आहे. केस काळे आहेत, कलप न लावता. सर्व वयोगटांतील स्त्रीपुरुष त्याला ‘ईश्वरभाऊ’ म्हणतात. तो मात्र मला भररस्त्यात “काय गा केशव” अशी हाक मारतो. त्यातला ‘गा’ मला कधीच रुचलेला नाही.

मला मत्सर नाही. मत्सर ही समान पातळीवरील व्यक्तींत संभवणारी भावना आहे.

संकल्प : कॉलेजला जाताना त्याच्या घरासमोर मान उजवीकडे वळवायची नाही.

१४ ऑक्टोबर

मान वळवली नाही. केवळ डोळे वळवले. नवे गेट बसवले आहे. त्यावर मोर आहे.

१५ ऑक्टोबर

सैद्धान्तिक पेच. माझ्या संप्रदायानुसार ज्याची देणगी मोठी त्याने उद्घाटक व्हावे, यात आक्षेपार्ह काहीच नाही. माझी तयारी एकवीसशे रुपयांची आहे. तिच्यामागे जो बौद्धिक ऐवज आहे, तो बाजार मोजत नाही. बाजाराची ही एक उणीव संप्रदायाच्या ध्यानात यावयास हवी होती.

सत्यभामा म्हणाली, “तुमी काहून जळून राहिले जी त्याच्यावर?” तिला मी निःपक्षपाती विश्लेषण आणि जळणे यांतील भेद समजावून सांगितला. तोवर ती आत निघून गेली होती.

१६ ऑक्टोबर, सभेनंतर

पेच सुटला. मंडई म्हणजे राजकारण नव्हे. मंडई म्हणजे संस्कृती. राजकीय देणगीला मर्यादा नसावी, सांस्कृतिक देणगीला मात्र ती असलीच पाहिजे. एवढा सूक्ष्म भेद आजवर कोणालाच दिसला नाही, याचे मला नवल वाटते.

सभेत दीर्घ भाषण केले. धनशक्तीने ग्रामजीवन कसे पोखरले जाते, हे सोदाहरण मांडले. उदाहरणाचे नाव घेतले नाही, सर्वांनी ओळखले. ठराव मांडला : मंडईसाठी कोणत्याही व्यक्तीकडून एकवीसशे रुपयांपेक्षा अधिक देणगी स्वीकारू नये. हा आकडा मी ज्या आकड्याचा विचार करीत होतो त्याच्याशी तंतोतंत जुळतो, हा योगायोग. आता सर्व देणगीदार समान ठरणार; आणि समानांत श्रेष्ठ कोण हे विद्येने ठरते. ही बाब मी ठरावात लिहिली नाही. स्वयंसिद्ध गोष्टी लिहायच्या नसतात.

तुलारामजींनी एकच शंका काढली, “सर, मंग मंडप कायचा टाकाचा?” मी सांगितले, लोकसहभागाचा. आणि त्याच ओघात ठरावाला एक उपकलम जोडले : वस्तुरूप सहकार्यास मर्यादा लागू नाही. कारण मी माझी वेताची आरामखुर्ची उद्घाटकासाठी देऊ करणार होतो. तीन पिढ्यांची खुर्ची. तिच्यावर अन्य कोणी बसलेले मला सहन होत नाही, म्हणजे तिच्यावर कोण बसणार हेही आपोआप ठरते. एका उपकलमाने दोन कार्ये.

ठराव एकमताने संमत. चहा निवत चालला होता, हेही एक कारण असू शकेल.

१७ ऑक्टोबर

पेपर उघडला. आजवर झालेल्या पहिल्या व एकमेव पृष्ठावर माझ्याच अक्षरात : ‘मर्यादा घालणारा कोण आणि तिचा लाभ कोणास?’ वाचताना कानशिले किंचित तापली. वीज गेली होती, पंखा बंद होता. हे वाक्य इतरांविषयी आहे.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. ईश्वर घरी आला. हातात चिन्नोर तांदळाची थैली. तिचा सुगंध माजघरापर्यंत गेला आणि त्यापाठोपाठ सत्यभामा बाहेर आली. मी त्याच्या मुद्रेवर पराभवाची छाया शोधत होतो. तो हसत म्हणाला, “लय बेस केला गा केशव तू. मले त भेवच लागून राहिला होता, यंदा किती द्या लागते म्हनून.” आता एकवीसशे देईन, बाकी समितीला जे कमी पडेल ते पाहू, असे सांगून बसला.

सत्यभामेने त्याला चकल्या दिल्या. अखंड चकल्या. मला चकल्या तळल्यापासून केवळ तुकड्यांचा डबा दाखवला जात आहे. अखंड चकल्यांचा वेगळा डबा या घरात अस्तित्वात आहे, ही माहिती मला एका परपुरुषाच्या बशीतून मिळाली.

तांदूळ उत्तम आहे. मी दोनदाच भात घेतला.

२७ ऑक्टोबर

ईश्वरने एकवीसशे दिले. समाधान वाटले.

सायंकाळी. त्याची पत्नी रुखमिणी हिनेही एकवीसशे दिले. त्याच्या आईनेही. दोन पुत्रांनी प्रत्येकी. धाकट्या भावाने, भावजयीने, मिलच्या भागीदाराने, भागीदाराच्या सासऱ्याने. ठरावात ‘कोणत्याही व्यक्तीकडून’ असे आहे. त्या सर्व व्यक्ती आहेत, हे मला तुलारामजींसमोर मान्य करावे लागले.

पाणी धुऱ्याखालून निघाले. संप्रदायाचे म्हणणे खरे ठरल्याचा आनंद व्हावयास हवा होता.

२९ ऑक्टोबर

ईश्वरच्या ट्रकमधून मंडपाचे बांबू आले. मिलचे जनरेटर आले. कलावंतांच्या जेवणासाठी तांदूळ, गावासाठी तीनशे प्लास्टिकच्या खुर्च्या. सर्व वस्तुरूप. सर्व माझ्या उपकलमाखाली, मर्यादेविना.

मी तुलारामजींना गाठून उपकलम मागे घेण्याचा मनोदय सांगितला. त्यांनी विचारले, मग तुमची खुर्चीही परत पाठवू का? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे, घाई नको. ते म्हणाले, “तुमच्या नेमानं त मंडई भरून आली जी सर. एवढे देनारे कधी पाह्यले नव्हते.” जवळच्यांनी माना डोलावल्या. माझे अभिनंदन झाले. मी ते स्वीकारले, कारण नाकारण्यास स्पष्टीकरण द्यावे लागले असते.

गेटवरचा मोर आता रंगवला आहे.

३१ ऑक्टोबर

घरातच सुरुंग. सत्यभामेच्या महिला बचत गटाने नाटक कंपनीच्या सर्व मंडळींच्या स्वयंपाकाची जबाबदारी घेतली. शिवाय तिने स्वतःच्या नावे एकवीसशे दिले. मी विचारले, मला न विचारता? ती म्हणाली, मी व्यक्ती आहे ना, तुमच्याच ठरावात लिहिलंय. माझ्या लेखनाचे वाचन घरात होते हे कळून आनंद झाला. वाचन इतके बारकाईने होऊ नये.

समितीने समान देणगीदारांतील क्रम ठरवण्याचा निकष काढला : वस्तुरूप सहकार्य. विद्येचा उल्लेख निघाला नाही. स्वयंसिद्ध गोष्टी लिहिण्याची प्रथा सुरू करावी, असे वाटू लागले आहे.

४ नोव्हेंबर

पत्रक छापून आले. शांतपणे नोंदवतो.

उद्घाटक : ईश्वरभाऊ. चेहरा बशीएवढा. सहउद्घाटक : सौ. सत्यभामाताई तितिरमारे. तिचे छायाचित्र पुतणीच्या लग्नातले. त्यात तिच्या डाव्या बाजूला मी उभा होतो. मुद्रकाने मला कापले, मात्र पूर्ण कापले नाही. माझा खांदा व खिशातले पेन राहिले आहे. दीपप्रज्वलक ते स्वागताध्यक्ष : ईश्वरचे कुटुंब, वयानुक्रमे. जुन्या रीतीने त्या घरातून एकच माणूस मंचावर बसला असता. आता नऊ बसणार आहेत. ही मर्यादेची फलश्रुती.

माझे नाव मला प्रमुख अतिथींत सापडले नाही. अखेर तळाशी, मुद्रणालयाच्या नावाशेजारी सापडले : ‘खुर्ची सौजन्य : प्रा. के. तितिरमारे’.

एकूण पाहता या पत्रकावर मी दोन ठिकाणी आहे. नावासकट आणि खांद्यासकट. अन्य कोणीही दोनदा नाही.

५ नोव्हेंबर

कॉलेजमध्ये शिपायाने विचारले, सर, तुमच्या घरी खुर्च्या भाड्याने मिळतात का?

८ नोव्हेंबर

भंडारा. परिसंवाद. पेपर एकाच पृष्ठाचा झाला होता. संक्षेप हा विद्वत्तेचा अलंकार असल्याचे मी प्रास्ताविकात सांगितले. वाचन प्रभावी झाले. पहिल्या रांगेतील एक गृहस्थ जागे राहिले.

मात्र अध्यक्षांनी प्रश्न केला. ते म्हणाले, तुम्ही म्हणता की मर्यादा घालणारा स्वतःच्या लाभासाठी घालतो, आणि पैसा तरीही अन्य वाटेने येतोच. परंतु असे एखादे उदाहरण आपल्या जिल्ह्यात, आपल्या परिचयात आहे का, जेथे मर्यादा घालणाऱ्याचेच गणित फसले? सभागृह माझ्याकडे पाहत होते. मी घोटभर पाणी प्यालो आणि सांगितले की यासंबंधी प्रत्यक्ष पुरावा अद्याप उपलब्ध नाही. संशोधनास वाव आहे.

प्रमाणपत्रावर नाव बरोबर आहे. परतीची बस उभ्याने.

११ नोव्हेंबर

सोडत निघाली. आमचा गट महिलांसाठी राखीव.

प्रथम माझा निष्कर्ष चुकला याचे वैषम्य वाटले. क्षणार्धात ध्यानात आले की ईश्वरही उभा राहू शकणार नाही. बशीएवढा चेहरा छापून व्यर्थ! अंगणात दोन येरझारा घातल्या. मन पिसासारखे हलके. संप्रदाय सांगतो की प्रतिस्पर्ध्याचे नुकसान हा स्वतःचा लाभ नव्हे. संप्रदायाने कधी गावात राहून पाहिलेले नाही.

रात्री जेवताना सत्यभामेजवळ शंका व्यक्त केली की तो आता रुखमिणीला उभी करील. त्यावर तिने मला एक अखंड चकली दिली. दिवाळीनंतर इतक्या दिवसांनी तो डबा अजून संपलेला नव्हता, याची नोंद मी मनात केली.

१४ नोव्हेंबर, मंडईची सकाळ

योजना निश्चित. खुर्ची माझी. समारंभाच्या बऱ्याच आधी मंचावर जाऊन मी तिच्यावर बसेन. मजबुती तपासण्याच्या निमित्ताने. जो स्वतःच्याच खुर्चीवर बसला आहे, त्याला कोण उठवणार? नंतर सूत्रसंचालक उद्घाटकाचे नाव घेईल, पण हजारो लोकांच्या दृष्टीला त्या जागी मीच दिसेन. लोक कानांपेक्षा डोळ्यांवर अधिक विश्वास ठेवतात.

सूट इस्त्रीचा. टोपी नको, टक्कल विद्वत्तासूचक आहे.

१५ नोव्हेंबर, दुपार

उठण्यास उशीर. मान आखडली आहे.

वृत्तान्त असा. मी योजनेप्रमाणे बसलो. समोर पटांगण भरत होते. बायका सतरंज्यांवर, पोरे बांबूंवर. पलीकडे भज्यांच्या कढया. काही लोक माझ्याकडे पाहून आपसात बोलले. मी गंभीर मुद्रा धारण केली. जीवनात प्रथमच मंच माझ्या समोर नसून माझ्याखाली होता.

मग ईश्वर आला, आठ नातलगांसह. तुलारामजी वाकून माझ्या कानाशी म्हणाले, “सर, जरा उठा ना जी. ईश्वरभाऊ आले.” मी ऐकू न आल्यासारखे केले. जनरेटरचा आवाज खरोखरच मोठा होता. त्यांनी पुन्हा सांगितले, या खेपेस माइक त्यांच्या हातात असल्याचे विसरून. पटांगणाने ऐकले. कोणी तरी हसले. मग बरेच लोक हसले.

आणि ईश्वर म्हणाला, “बसू दे ना जी तुलारामजी. खुर्ची त्याचीच हाय. मी सतरंजीवर बसतो.”

तो खरोखरच बसू लागला. खाली. धोतराचा सोगा आवरून. हे मात्र मला सोसवले नाही. त्याने माझ्याशी भांडावे, मला हाताला धरून उठवावे, पत्रक दाखवावे. यातले काहीही मी सहन केले असते. त्याने दिलेली जागा मी घेऊ शकत नव्हतो. मी उठलो. आग्रह करकरून त्याला माझ्या खुर्चीवर बसवले, जणू तीच माझी मूळ योजना होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या आमच्या दोघांपैकी कोणासाठी होत्या, हे निश्चित सांगता येत नाही. मी निम्म्या धरतो.

ईश्वर वजनाने भरीव आहे. तो टेकताच खुर्चीच्या डाव्या मागील पायातून जो ध्वनी निघाला, तो माइकने अखिल पंचक्रोशीत पोहोचवला.

मी मंचाच्या कडेला उभा राहिलो. खुर्ची शिल्लक नव्हती. तीनशे होत्या, पण त्या प्रेक्षकांसाठी.

ईश्वरचे भाषण तीन वाक्यांचे. त्याने सांगितले की केशवने नेम केला म्हणून त्याची म्हातारी आई प्रथमच मंचावर आली, आणि हे त्याला स्वतःला कधी सुचले नसते. त्याच्या आईने पदराने डोळे पुसले. हे भाषण ढोंगी असते तर मला उत्तर देता आले असते.

नंतर सत्यभामा बोलली. तेवीस वर्षांच्या संसारात तिला सलग इतका वेळ बोलताना मी ऐकलेले नाही, कारण मध्येच मी बोलत असतो. ती रस्त्याविषयी बोलली, धानाच्या थकलेल्या चुकाऱ्याविषयी बोलली, बचत गटाविषयी बोलली, आणि दोनदा सगळे पटांगण हसले. आपल्या घरात एवढा विनोद शिल्लक होता आणि तो माझ्या वाट्याला आला नव्हता. ईश्वरच्या चकल्यांसारखाच.

नाटक पाहिले नाही. कथानक कौटुंबिक असल्याचे कळले.

१७ नोव्हेंबर

एका पक्षाचे तालुक्याचे पदाधिकारी घरी आले. सोबत ईश्वर. मी सदरा बदलून बाहेर आलो. त्यांनी विचारले, मॅडम आहेत का?

त्यांना सत्यभामेने उभे राहावे असे वाटते. मी चहा आणला. ईश्वर म्हणाला की प्रचाराला गाड्या, जेवण, मंडप, जे लागेल ते त्याच्याकडून. रुखमिणीही घरोघर फिरेल. माझ्या ध्यानात तत्काळ आले की माझा मूळ सिद्धान्तच योग्य होता. संस्कृती आणि राजकारण यांत भेद करून मी एका क्षणिक मोहाला बळी पडलो होतो. मी सोफ्यावर पुढे सरकून देणगीदात्याच्या अनिर्बंध स्वातंत्र्याचे प्रतिपादन आरंभले. नवख्या उमेदवाराला ओळख करून देण्यास पैसा लागतो. मर्यादा हे बसलेल्याने घातलेले कुंपण असते. पदाधिकारी भारावून गेले असावेत, त्यांनी मोबाइल बाहेर काढले.

सत्यभामेने मला पूर्ण बोलू दिले. मग ती ईश्वरला म्हणाली, “भाऊजी, कोनाकडून बी एकवीसशाच्या वर घेनार नाही मी. अन् गाडी, जेवन, मंडप, सारा त्यातच मोजीन. घरोघर फिराले काही लागत नाही, थे फिरा.”

मी विचारले, ही मर्यादा घालणारे कोण आणि हिचा लाभ कोणास? ती म्हणाली, “मीच घालून राहिली, अन् मलेच लाभ हाय. निवडून आल्यावर कोनी येऊन म्हनाले नाही पायजे का खुर्ची माझ्या ट्रकमधून आली.” आणि देणाऱ्यांची नावे दारावरच्या फलकावर लावणार आहे, असेही तिने सांगितले. फलक ही माझीच सूचना, पहिल्या पृष्ठावरची. श्रेयनिर्देश झाला नाही.

ईश्वर मनापासून हसला. “बाईनं तुझा उपकलमच काढून टाकला गा केशव,” असे म्हणाला. तो ‘गा’ आज प्रथमच तितका टोचला नाही. सवय होत असावी. हे चांगले लक्षण नव्हे.

ते गेल्यावर मी सत्यभामेला विचारले, पतीलाही मर्यादा? पतीलाही, ती म्हणाली. माझी खुर्ची प्रचार कार्यालयासाठी घेतली आहे, ती माझ्या देणगीत मोजणार. मी मूल्य विचारले. पाय मोडका असल्यामुळे तूर्त शून्य धरले आहे.

१९ नोव्हेंबर

फलक लागला. प्रथम क्रमांकावर ईश्वर. अकारविल्हे लावावा, असे सुचवले. मान्य. तरीही ‘ई’ वर आणि ‘के’ खाली.

सकाळपासून अंगणात लोक. सर्वांना चहा. मला कोणी ‘सर’ म्हणत नाही; ‘ताईंचे मिस्टर’ म्हणतात. एकाने ‘भाऊजी’ म्हटले. जिल्हा परिषदेच्या अर्थ समितीला सल्लागार लागत असेल, या दृष्टीने मी हे वातावरण जवळून अभ्यासत आहे.

संकल्प : पेपरचे दुसरे पृष्ठ.

२० नोव्हेंबर, सायंकाळी

पृष्ठ झाले नाही, कारण बसायला जागा नाही. सोफ्यावर कार्यकर्ते. उरली माझी वेताची खुर्ची, तिचा डावा मागील पाय टोकाशी मोडलेला. सुतार पवनीकडच्या एका मंडईच्या मंचावर गुंतला आहे. कधी येणार ते सांगत नाही. ईश्वरने निरोप धाडला की मिलमधला माणूस पाठवतो. मी नकार दिला. स्वाभिमानही काही आहे, आणि तो माणूस ईश्वरच्या नावे फलकावर मोजला गेला असता. पायाखाली वीट ठेवली. पूर्ण वीट ठेवली की खुर्ची उजवीकडे कलते. अर्धी ठेवली की डावीकडे, आणि चहाची बशी घरंगळते. हे लिखाण डावीकडे कललेल्या अवस्थेत चालू आहे. पाऊण वीट कोठे मिळते, हे सकाळपासून तिघांना विचारले. तिघेही म्हणाले, ताईंना विचारून सांगतो.